टेकडीवरून जाणारे हबशी

गेल्या ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात कोथरूडच्या म्हातोबा टेकडीवर मी वही घेऊन बसलो होतो. साडेनऊ वाजून गेले होते. पहाटे फिरायला येणारी गर्दी केव्हाच पांगली होती. उशिरा येणारे एक निवृत्त काका आहेत, ते काठी टेकत माझ्यापाशी थांबले. "अहो, चार दिवस बघतोय. आकाशाकडे बघून काय लिहिता एवढं?"

मी म्हटलं, "फुलपाखरं मोजतोय, काका."

त्यांनी आजूबाजूच्या एकदांडीच्या फुलांकडे बघितलं. तिथं दोन-चार पिवळी फुलपाखरं होती. "ही?"

"ही नाही. वर बघा."

वर, माणसाच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट उंचीवरून, एक काळपट फुलपाखरू गेलं. थोड्या वेळानं दुसरं. मग दोन एकदम. सगळी शहराच्या बाजूनं येत होती आणि चांदणी चौकाच्या दिशेनं, म्हणजे पश्चिमेला, जात होती. एकही फुलावर उतरत नव्हतं. काका पाच मिनिटं मान वर करून उभे राहिले आणि म्हणाले, "च्यायला, ही तर कामाला निघाल्यासारखी चाललीत!"

स्थलांतर करणारं फुलपाखरू ओळखायची खूण हीच आहे. एरवी फुलपाखरू म्हटलं की भिरभिरणं आलं, इथं बस, तिथं बस. स्थलांतरावर निघालेलं फुलपाखरू एक दिशा धरतं आणि सोडत नाही. वाटेत इमारत आली तर तिला वळसा घालण्याऐवजी ते बहुधा भिंतीच्या कडेनं वर चढतं, गच्ची ओलांडतं आणि पलीकडे पुन्हा तीच रेघ पकडतं. थवा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर आभाळ झाकणारा ढग येतो. तसं क्वचित होतं. बहुतेक वेळा हे असं तुरळक, एकामागून एक चाललेलं असतं आणि त्याच्याखाली उभ्या असलेल्या माणसाला पत्ताही लागत नाही. त्या सकाळी पंधरा मिनिटांत मी ४१ मोजली.

काकांचा पुढचा प्रश्न साधा होता. "हे कधीपासून चालू आहे?" इतिहासाच्या नादी लागलेल्या माणसाला याहून अडचणीचा प्रश्न नाही. हा लेख त्या प्रश्नाचं मला जमलेलं उत्तर आहे.

दक्षिण भारतातल्या या प्रवासाचं मूळ मोसमी पावसात आहे. पाऊस सुरू होण्याआधी, एप्रिल ते जूनच्या दरम्यान, पश्चिम घाटातल्या दाट जंगलांतून फुलपाखरं पूर्वेच्या मैदानांकडे उतरतात. घाटात पुढचे तीन-चार महिने धो धो पाऊस असतो, तर पूर्वेला वळवाच्या सरींनी वेलींना नुकती पालवी फुटलेली असते. तिथं अंडी घालायची, पिढी वाढवायची. पावसाळा सरला, मैदानं सुकू लागली की ऑक्टोबर-नोव्हेंबरात नवी पिढी उलट घाटाकडे निघते आणि कोरडा काळ तिथल्या ओलसर जंगलात काढते. जाणारं फुलपाखरू आणि परतणारं फुलपाखरू एकच असेल असं नाही. ज्या घाटाकडे ती 'परत' निघालेली असतात, तो त्यांतल्या कित्येकांनी कधी पाहिलेलाही नसतो.

या प्रवासात मुख्यतः ब्लू टायगर, डार्क ब्लू टायगर, कॉमन क्रो आणि डबल-ब्रँडेड क्रो अशा जाती असतात. कृष्णमेघ कुंटे यांनी २००५ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये या थव्यांचा अभ्यास मांडला. 'एका रानवेड्याची शोधयात्रा' लिहिणारे तेच हे कुंटे. त्याआधी १९९७ साली त्यांनी पुण्याच्या आसपासच्या उत्तर पश्चिम घाटातल्या चार प्रकारच्या अधिवासांत ठरावीक वाटांवरून चालत, ऋतूप्रमाणे फुलपाखरं कशी कमी-जास्त होतात याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या होत्या. पावसाळ्याचा शेवट आणि हिवाळ्याची सुरुवात हा त्यांचा भराचा काळ, हे त्यातून दिसलं. पुढे वैशाली भौमिक आणि कुंटे यांनी २०१८ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. प्रवासातल्या माद्यांच्या पोटात बहुधा तयार अंडी नसतात, त्यांची ताकद उडण्याच्या स्नायूंत गेलेली असते. आधी प्रवास, मग संसार.

आता नावाबद्दल थोडं. माझ्या वहीत ज्याच्यापुढे सर्वांत जास्त काट्या आहेत त्या कॉमन क्रोला मराठीत 'हबशी' म्हणतात. तपकिरी-काळे पंख, कडेला पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगा. नाव रंगावरून पडलं हे उघड आहे आणि ठेवणाऱ्याच्या मनात काही वाईट असेल असं मला वाटत नाही. पण हबशी या शब्दातून मराठीच्या लक्षात काय राहिलं, याचा तो पुरावा मात्र आहे. साधारण १५४८ साली हबश म्हणजे आजच्या इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून बगदादमार्गे दक्खनमध्ये येऊन पोहोचलेला एक माणूस अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता झाला. १६१० च्या सुमारास त्यानं खडकी वसवली, तीच पुढे औरंगाबाद झाली. तिथं त्यानं जमिनीखालून खेळवलेली नहर आजही अभ्यासकांना चकित करते. त्याची जमीन महसुलाची पद्धत पुढच्या राजवटींना आधार झाली. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले. मलिक अंबर १६२६ साली वारला. एवढं सगळं असून भाषेत हबशी उरला तो रंगापुरता. तरी मला हे नाव आवडतं. लांबून येऊन दक्खनच्या पाण्या-जमिनीचं गणित कळलेला प्राणी, एवढं साम्य मला पुरेसं आहे.

मूळ प्रश्नाकडे येतो. कधीपासून?

लिखित पुरावा शोधायला गेलं की वाट इंग्रजांच्या दफ्तरात जाते. मुंबई लष्कराच्या पुरवठा खात्यातले कर्नल चार्ल्स स्विन्हो यांनी १८८५ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या वृत्तांतात मुंबई आणि दख्खनच्या फुलपाखरा-पतंगांची यादी छापली. त्यात पुणे आहे. त्याच्या दोनच वर्षं आधी, १५ सप्टेंबर १८८३ रोजी, आठ माणसांनी मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. स्विन्हो त्या आठांत होते. साताऱ्यात जन्मलेले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवून गेलेले एडवर्ड हॅमिल्टन एटकेनही होते. सहा युरोपीय आणि दोन हिंदी: प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन. दक्षिणेत कोडाईकनालच्या वेधशाळेत सूर्यावरच्या डागांचा अभ्यास करणारे जॉन एव्हरशेड यांनी १९१० च्या सुमारास त्याच जर्नलमध्ये डोंगरावरून जाणाऱ्या फुलपाखरांबद्दल लिहिलं. सत्तरच्या दशकात टॉर्बेन लार्सन या डॅनिश अभ्यासकानं निलगिरीतले थवे नोंदवले.

या माणसांचं ऋण नाकारण्यात अर्थ नाही. साहेबानं लिहून ठेवलं म्हणून आपल्याकडे तारीख आहे. पण ती जर्नलं वाचताना एक गोष्ट सलते. जाळं घेऊन उन्हात धावणारे पुष्कळदा नोकर, पट्टेवाले आणि शिकारी असत, आणि त्यांची नावं छापील पानावर क्वचितच पोहोचली. जगभर असंच झालेलं आहे. मेक्सिकोच्या डोंगरात मोनार्क फुलपाखरं कोट्यवधींनी हिवाळा काढतात, हे जगाला १९७६ च्या ऑगस्टमध्ये नॅशनल जिओग्राफिकमधून कळलं. लेख कॅनडाचे प्राध्यापक फ्रेड उर्कहार्ट यांचा होता. प्रत्यक्षात ती जागा जानेवारी १९७५ मध्ये केन ब्रगर आणि कातालिना अग्वादो यांना सापडली होती. कातालिना तिथल्याच, मिचोआकान भागातल्या. मासिकाच्या मुखपृष्ठावर फुलपाखरांनी वेढलेली बाई तीच आहे, पण तिचं नाव लोकांना कळायला बराच काळ गेला. आणि त्या डोंगरातल्या गावकऱ्यांना तर ही फुलपाखरं दर वर्षी मृतांच्या सणाच्या सुमारास येतात हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. त्यांच्या माहितीला कुणी शोध म्हटलं नाही.

आमच्या घरातही अशी एक माहिती आहे.

माझे नाना-नानी नगर जिल्ह्यातले. १९७२ च्या दुष्काळात गावातली विहीर आटली, जनावरं गेली, नानी काही महिने दुष्काळी कामावर खडी फोडत होती. मग नानांना पुण्यात खडीच्या ट्रकवर काम मिळालं आणि कुटुंब वेताळ टेकडीच्या पायथ्याला खाणीजवळच्या झोपडीत आलं. कोथरूड तेव्हा गावठाण, शेतं आणि थोडे बंगले एवढंच होतं. नानी शेवटपर्यंत एक आठवण सांगायची: "ईद के दुसरे रोज की बात है रे. मैं बाहर बर्तन घिस रई थी. सर पे से काली काली तितल्याँ जा रई थीं. एक के पीछे एक. दोपहर तलक. एक बी बैठी नई." आम्ही पोरं हसायचो. तितली बसत नाही म्हणजे काय? उर्दू शायरीनं आम्हाला शमेवर झेप घेणारा परवाना शिकवला होता. डोक्यावरून निघून जाणाऱ्या तितलीचं काय करायचं ते कुणी शिकवलं नव्हतं.

स्थलांतराबद्दल वाचायला लागल्यावर ती आठवण मला पुन्हा आठवली आणि अंगावर काटा आला. 'एक बी बैठी नई' हे नेमकं तेच लक्षण होतं. पण ती ईद कोणती, साल कोणतं? नानी लिहायला-वाचायला शिकली नव्हती. मात्र तिच्या आठवणीत तीन गोष्टी पक्क्या होत्या. एक, ती ईद शीरखुर्म्याची होती आणि साखर रेशनची होती, म्हणजे रमजान ईद. दोन, त्याच आठवड्यात दिवाळी होती, गावठाणातल्या एका बाईनं मुलांना करंज्या दिल्या होत्या. तीन, ती त्यांची पुण्यातली पहिली ईद. आधीची बकरी ईद त्यांनी गावी केली, तेव्हा संक्रांत आणि बकरी ईद लागोपाठ आल्या होत्या, आणि त्यानंतर त्यांनी गाव सोडलं.

हिजरी वर्ष ३५४ दिवसांचं. ते दर वर्षी साधारण ११ दिवसांनी मागे सरकतं आणि सुमारे ३३ वर्षांनी सगळे ऋतू फिरून पुन्हा तिथं येतं. म्हणून रमजान कधी मे महिन्याच्या उन्हात असतो, कधी डिसेंबरच्या थंडीत. शेतकऱ्याला हे कॅलेंडर निरुपयोगी. पण इतिहासकाराला कधी कधी त्याचा मोठा फायदा होतो, कारण ईद आणि ऋतू यांची जोडी सांगितली की साल जवळजवळ आपोआप हाती येतं. दिवाळी आणि रमजान ईद एकाच आठवड्यात आल्या त्या १९७२ आणि १९७३ साली. १९७२ मध्ये नाना-नानी अजून गावी होते. संक्रांतीला लागून बकरी ईद आली ती जानेवारी १९७३ मध्ये. म्हणजे पुण्यातली पहिली रमजान ईद १९७३ ची, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातली. फुलपाखरं घाटाकडे परततात तो हाच काळ. दुष्काळानंतर त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता, रानात पाला होता, त्यामुळे एरवीपेक्षा जास्त फुलपाखरं निपजली असतील असं मानायला जागा आहे.

एका म्हातारीच्या एका आठवणीवर सिद्धान्त उभा राहत नाही, हे मला कळतं. पण पन्नास वर्षांपूर्वी त्या आठवड्यात या टेकडीवरून काळी फुलपाखरं न थांबता गेली, एवढी नोंद मी आता तारखेसह करू शकतो. भांडी घासणाऱ्या बाईची साक्ष कर्नलच्या साक्षीहून कमी का धरायची, हे मला कुणी पटवून दिलेलं नाही.

जाता जाता: हिजरी सन ऋतूंशी जुळत नाही ही अडचण दक्खनमध्ये फार पूर्वीच कुणाच्या तरी लक्षात आली होती. त्यावर तोडगा निघाला तो शुहूर सनाचा. सन ७४५ हिजरी, म्हणजे १३४४ च्या सुमारास, तुघलकांच्या काळात तो सुरू झाला असं मानतात. आकडे अरबी, पण वर्ष सौर, आणि त्याची सुरुवात सूर्य मृग नक्षत्रात जातो तेव्हा. म्हणून त्याला मृगसालही म्हणत. शिवकाळातली, पेशवाईतली मराठी पत्रं उघडली की खमस, सित, सबा असे अरबी आकडे दिसतात, ते याच सनाचे. अरबी आकड्यांत मोजलेलं आणि मृगाच्या पावसानं उघडणारं वर्ष! दक्खनची तहजीब म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी इमारतींच्या आधी हे कॅलेंडर दाखवतो. फुलपाखरांचं वर्षही तिथंच कुस बदलतं.

आणि त्याच १३४४ साली इब्न बतूता श्रीलंकेत एक डोंगर चढत होता. मुसलमान त्याला हजरत आदम यांच्या पावलाचा डोंगर मानतात, बौद्ध बुद्धाच्या, हिंदू शंकराच्या. सिंहली भाषेत त्याचं एक नाव 'समनल कंद' आहे, फुलपाखरांचा डोंगर. तिथले लोक सांगत आले आहेत की वर्षातून एकदा फुलपाखरं थव्यानं या डोंगराच्या यात्रेला निघतात. हे स्थलांतर लोकांनी कागदावर उतरवलं नाही, पण डोंगराच्या नावातच ठेवून दिलं. आमच्या टेकडीला म्हातोबाचं नाव आहे, पलीकडच्या टेकडीला वेताळाचं. दोन्ही राखणदार. फुलपाखरांची जबाबदारी कुणाकडे आहे, माहीत नाही.

हे सगळं आज का लिहायचं? कारण 'कधीपासून' हा प्रश्न आता टेकडीलाच विचारला जातोय. वेताळ टेकडी सुमारे ८०० मीटर उंचीची, शहरातली सर्वांत उंच जागा. बालभारती ते पौड फाटा रस्त्याचा वाद कित्येक वर्षं चाललाय, बोगद्यांचे प्रस्ताव येतात, टेकड्यांवरच्या जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणावर दर काही वर्षांनी नवी चर्चा सुरू होते. अशा वेळी कागद लागतो. इथं काय आहे, किती आहे, कधीपासून आहे. कागद नसेल तर ते नव्हतंच असं धरलं जातं. मला ही भाषा ओळखीची आहे. याच उपनगरात घर भाड्यानं शोधताना एका दलालानं नाव ऐकून विचारलं होतं, "तुम्ही मूळचे कुठले?" नगरचा म्हटल्यावर त्याचं समाधान झालं नाही. त्याला त्याच्याही मागचं हवं होतं.

टेकडीवरची परिस्थिती मात्र अगदीच एकरंगी नाही. हबशाच्या अळीला कण्हेर चालते, वड-औदुंबराची पानं चालतात, उपळसरी चालते. कण्हेर तर रस्त्यांच्या दुभाजकांवर आणि सोसायट्यांच्या कुंपणाला भरपूर लावलेली आहे. पानाखाली चांदीच्या डुलासारखा चमकणारा कोष लटकलेला दिसला तर तो त्याचा. म्हणजे कोथरूड वाढलं आणि हबशानं स्वतःची सोय करून घेतली. ब्लू टायगरचं तसं नाही. त्याची अळी हरणदोडीसारख्या रानवेलींवर वाढते. हा वेल कुणी हौसेनं लावत नाही. कुंपण साफ करताना 'जंगली' म्हणून तो आधी ओढून काढला जातो. टेकडीच्या उतारांवर वनीकरणात लावलेली गिरिपुष्पाची झाडं आहेत, त्यांच्या दाट सावलीत जुने वेल नि गवतं कमी झाली. मोठ्या फुलपाखरांना खुळखुळ्याच्या झुडपांचीही ओढ असते, नर तिथल्या वाळलेल्या भागांतून काही रसायनं शोषून घेतात. खुळखुळा अजून टिकून आहे, खाणीच्या बाजूला. तिथं कुणी राडारोडा टाकला नाही तोवर.

माझ्या वहीत ब्लू टायगरच्या काट्या हबशापेक्षा फार कमी आहेत. पूर्वी किती होत्या, त्याची वही कुणी ठेवली नाही. नानीनं काळी म्हटलं, निळी म्हटलं नाही. पण खालून बघणाऱ्याला, उन्हाच्या विरुद्ध, ब्लू टायगरही काळाच दिसतो.

काकांना मी हे सगळं एका दमात सांगितलं नाही. तीन-चार सकाळी लागल्या. नानीचा हिशेब त्यांना फार आवडला. ते पंचांग जाणणारे, त्यांनी घरी जाऊन स्वतः पडताळून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, "बरोबर आहे तुमचं. त्र्याहत्तरला भाऊबिजेच्या आसपासच ईद येते." मग म्हणाले, "कालनिर्णय त्याच साली सुरू झालं, माहितीये? आमच्याकडे पहिल्यापासून आहे."

त्यात मुसलमानी सणही असतात, मी म्हटलं.

"असतात ना. पण मागच्या बाजूला आमची ही दुधाचा हिशेब लिहायची. सगळी जपून ठेवलीत, ट्रंकेत आहेत. कुठं काही लिहिलेलं असेल तर बघतो. पाऊस वगैरे लिहायची ती."

अजून तरी त्यात फुलपाखरं सापडलेली नाहीत. पाऊस आहे, पहिला गारठा आहे, एका जूनमध्ये 'काजवे' एवढाच शब्द आहे. परवा काकांनी मोबाइलवर फोटो पाठवला. यंदाच्या कालनिर्णयाचं पान, मे महिना, एका चौकोनात बारीक अक्षरांत: 'दूध १ लि. काळी फु. १७, पूर्वेकडे, ८.५०. ढग.'